सगळे हाइनरिश

सनावळ्यांनी वर्ग पेंगायला लागला, की मी रॉयस हे जर्मन राजघराणं काढायचे. प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिश! थोरली पाती ग्राइत्सची, धाकटी गेराची. थोरल्यांचे क्रमांक शंभरापर्यंत जायचे. धाकट्यांची मोजणी साधारण प्रत्येक शतकात नव्याने सुरू व्हायची. मुलं हसायची. मग सांगायचे, १८६६मध्ये ग्राइत्सचा बाविसावा हाइनरिश अल्पवयीन होता आणि त्याच्या वतीने कारभार पाहणाऱ्या आईने प्रशियाविरुद्ध ऑस्ट्रियाची बाजू घेतली. प्रशियाचं सैन्य संस्थानात शिरलं, दंड बसला. पुढे १९०२मध्ये मरेपर्यंत या हाइनरिशची प्रशियावरची अढी सुटली नाही. १९२७मध्ये थोरल्या पातीचा वंशच खुंटला.

प्रशियाच्या पुढाकाराने झालेलं जर्मनीचं एकीकरण म्हणजे नुसती बिस्मार्कची हुशारी नव्हे. ते कोणाला नको होतं, हेही पाठ्यपुस्तकात चार ओळींत यायला हवं. मुलांना खरे प्रश्न तिथेच पडतात.