सायकलच्या दिव्याचे माप कोण तपासणार?

कापडाच्या धंद्यात मापाला फार महत्त्व आहे. ताग्यावर वीस मीटरचा शिक्का असेल आणि आत साडेअठराच निघाले, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभे राहते आणि बाजारात आपली पत जाते ती वेगळीच. वैधमापन खात्याचा निरीक्षक येतो, आमची मीटरपट्टी तपासतो, शिक्का मारून जातो. पण त्याच बाजारात, दोन गाळे सोडून, चार्जिंगचा सायकलचा दिवा विकला जातो. त्याच्या खोक्यावर ‘९९०० एमएएच, १००० ल्युमेन, ८ तास’ असे ठळक छापलेले असते. ते माप खरे की खोटे, हे ना घेणारा पाहतो ना विकणारा. आमच्या अनेक बांधवांची मोबाईल-सामानाची, विजेच्या वस्तूंची आणि सायकलींची दुकाने आहेत. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर मांडावासा वाटला.

कोणी म्हणेल, दोन-तीनशे रुपयांच्या दिव्यासाठी एवढी उठाठेव कशाला? नवी मुंबईत अंधारात सायकल कोण चालवतो ते जरा पाहा. पहाटे चारला बेकरीतून पावाची भली मोठी टोपली लादून निघणारा पाववाला. रमजानात तर त्याची सायकल सहरीच्याही आधी रस्त्यावर असते. दूधवाला, पेपरवाला, तुर्भ्याच्या घाऊक बाजारात भल्या पहाटे पोचणारा हमाल, तळोजा आणि रबाळेच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून परतणारा कामगार, जेवणाचे डबे पोचवणारी पोरे. आमच्या पेढीवरचा मुलगाही रात्री दुकान वाढवल्यावर सायकलनेच कोपरखैरण्याला जातो. या मंडळींना सायकल म्हणजे व्यायामाची हौस नव्हे, रोजी आहे.

आणि हौसेने चालवणाऱ्यांनाही रस्ता सोडत नाही. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे पावणेसहाच्या सुमारास पाम बीच मार्गावर नेरुळजवळ अवतार सैनी यांच्या सायकलला मागून भरधाव टॅक्सीने धडक दिली आणि त्यांचा मृत्यू झाला. ते इंटेल कंपनीचे भारतातील माजी प्रमुख, संगणकाच्या ३८६ आणि ४८६ या चिप घडवण्यात ज्यांचा वाटा होता असे गृहस्थ, वय ६८. त्यांच्या सायकलला दिवा होता की नव्हता यावर आम्ही काही बोलणार नाही. दोष वाहन हाकणाऱ्याचा, आणि चांगल्यातला चांगला दिवाही बेफाम गाडीला अडवू शकत नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. फेब्रुवारीअखेर आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे ती वेळ अंधाराची होती. आणि धडक मागून बसली. आपल्या दुकानांत पुढच्या पांढऱ्या दिव्याचेच कौतुक चालते. मागचा लाल दिवा फुकटात जोडून दिला जातो, तो महिन्याभरात बंद पडतो आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही.

आता मापाकडे वळू. या दिव्यांत बहुधा लिथियमचा जो गोल सेल असतो त्याला १८६५० म्हणतात. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, त्यावरून हे नाव पडले. लिथियम-आयन सेल १९९१ साली सोनी कंपनीने बाजारात आणले आणि त्या शोधाबद्दल २०१९ साली तिघा शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. इतक्या वर्षांत या आकाराच्या सेलमध्ये नामांकित कारखान्यांना साडेतीन हजार एमएएचच्या आसपास, फार तर चार हजारांपर्यंत मजल मारता आली. मग कोणत्या अज्ञात कारखान्याने त्याच नळीत ९९०० भरले? ते भरलेलेच नसतात. अशा सेलमध्ये हजार-बाराशे निघाले तरी नशीब समजायचे. काही सेल फोडले तेव्हा बाहेरच्या मोठ्या नळीत छोटा सेल आणि उरलेल्या जागेत चक्क भुकटी निघाल्याचेही प्रकार घडले आहेत.

शिवाय नुसता एमएएचचा आकडा म्हणजे पन्हा न सांगता कापडाची लांबी सांगणे. तीन मीटर कापड म्हटले की शिंपी आधी विचारतो, पन्हा किती? तसे इथे व्होल्ट विचारावे. लिथियम सेलचे साधारण ३.७ व्होल्ट धरतात. २२०० एमएएचचा प्रामाणिक सेल असेल तर २.२ गुणिले ३.७, म्हणजे सुमारे ८ वॅट-तास. खरा साठा तो. आता खर्च पाहा. असल्या दिव्यात एका वॅटला साधारण शंभर ल्युमेन उजेड पडतो असे धरले, तर हजार ल्युमेनला दहा वॅट लागतील. आठ वॅट-तासांचा साठा दहा वॅटने खर्च केला तर दिवा पाऊण तासात संपला. आठ तास चालवायचा तर ८० वॅट-तास हवेत, म्हणजे असे दहा सेल! एका सेलचे वजन ४५ ग्रॅमच्या आसपास असते, तेव्हा दहा सेलच जवळजवळ अर्ध्या किलोचे झाले. आणि हातातला दिवा तर दीडशे ग्रॅमचा. गंमत अशी की खोक्यावरचे ९९०० खरे मानले तरी पावणेचार तासांपलीकडे हिशेब जात नाही. खोटे बोलतानाही बेरीज जुळवलेली नाही.

हा हिशेब करायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले. विजेच्या प्रवाहाला ‘बर्की रौ’ म्हणतात एवढे पाठ झाले होते, बाकीचे बाजाराने शिकवले. जो व्यापारी सुताच्या नंबरावरून कापडाचे वजन काढतो, त्याला हा गुणाकार जड नाही. उलट दोनशे ल्युमेनवर चालवा, दोन वॅट लागतील, आणि तोच आठ वॅट-तासांचा सेल थोडी घट धरूनही तीन-साडेतीन तास साथ देईल. कोपरखैरण्याच्या रस्त्याला, जिथे पथदिवे आहेत, दोनशे ल्युमेन पुष्कळ झाले. हजार ल्युमेनचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर मारून कोणाचे भले होते?

प्रेषित (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली, ही हदीस आपल्यातील प्रत्येक दुकानदाराने ऐकलेली आहे. पावसाने भिजले असे विक्रेता म्हणाला. तर ओला भाग वर का ठेवला नाहीस, लोकांना दिसला असता, असे त्याला विचारले गेले. आणि फसवणारा आमच्यापैकी नाही, अशी सक्त ताकीद मिळाली. त्या विक्रेत्याने धान्य स्वतः भिजवले नव्हते. आपले दुकानदार बांधवही हेच म्हणतात, आकडा आम्ही छापला नाही, माल मनीष मार्केटमधून आला, लोहार चाळीतून आला, जसा आला तसा विकला. ही सबब चालत नाही. कुरआनात मापात मारणाऱ्यांवर ‘मुतफ्फिफीन’ नावाची स्वतंत्र सूरह आहे, आणि विजेचा साठा हेही मापच आहे.

आता भरवशाचे बोलू, कारण सेल खरा असूनही दिवा दगा देतो. जुन्या टॉर्चचा उजेड आधी पिवळा पडायचा, मग मंद व्हायचा. माणसाला घर गाठायला वेळ मिळायचा. लिथियमचे तसे नाही. त्याचा दाब शेवटपर्यंत बराचसा टिकतो, मग एकाएकी खाली येतो. सेल बिघडू नये म्हणून आतले सर्किट पुरवठा तोडते आणि खाडीपुलावर मध्येच काळोख होतो. म्हणून ज्या दिव्यावर साठा दाखवणारी खूण नाही, तो रोज रात्री जाणाऱ्याला विकूच नये असे आमचे ठाम मत आहे. दुसरे, सेल म्हातारा होतो. साधारण तीनशे ते पाचशे वेळा चार्ज झाल्यावर त्याची ताकद वीसेक टक्के कमी होते. रोज चार्ज करणाऱ्याला ही वेळ वर्ष-दीड वर्षात येते. पूर्ण भरलेला दिवा उन्हात सायकलवरच ठेवला तर त्याहूनही लवकर.

तिसरी गोष्ट आपल्या हवेची. खाडीची खारट हवा आणि चार महिने पाऊस. चार्जिंगचे भोक रबराच्या झाकणाने बंद राहिले नाही की आत हिरवट थर धरतो आणि दिवा चार्ज होईनासा होतो. गिऱ्हाईक म्हणते बॅटरी गेली. बॅटरी ठणठणीत असते, गेलेले असते तोंड. खोक्यावर आयपीएक्स-४ असेल तर शिंतोडे सोसेल, आयपीएक्स-७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरायला हवा. खड्ड्यांच्या हादऱ्याने सेल जागचा हलतो आणि दिवा लुकलुकतो, हे आणखी एक दुखणे. दिवा हातात घेऊन जोरात हलवून पाहावा. आत खडखडला तर परत ठेवावा.

पाववाल्यासारख्या जड सायकलवाल्याला आम्ही आजही डायनामोच सुचवू. ६ व्होल्ट, ३ वॅटचा, टायरला घासून फिरणारा. त्याला ना चार्जिंग, ना खोटे आकडे. पण पावसात ओल्या टायरवरून तो घसरतो, आणि सायकल थांबली की दिवा विझतो. सिग्नलला उभा असलेला माणूस मागच्या ट्रकला दिसत नाही. म्हणून पुढे डायनामो आणि मागे बॅटरीचा लाल दिवा, ही जोडी बरी. लाल दिव्याला वीज इतकी कमी लागते की छोटा सेलही बरेच दिवस पुरतो. अर्थात डायनामो बसवून देणारे मेकॅनिकच आता शोधावे लागतात, हे खरे.

गिऱ्हाईक स्वस्तच मागते, हे आम्हाला रोज ऐकवले जाते. मागू द्या. स्वस्त माल विकणे गुन्हा नाही. स्वस्त मालावर महाग मालाचा आकडा ठेवणे गुन्हा आहे. नवा माल आला की त्यातला एक दिवा पूर्ण चार्ज करावा, घड्याळ लावून मोठ्या उजेडावर आणि मधल्या उजेडावर विझेपर्यंत चालवावा, आणि निघालेली वेळ चिठ्ठीवर लिहून खोक्यावर चिकटवावी. खर्च शून्य. सेल सुटा निघत असेल तर सोनाराचा नाही तरी किराणावाल्याचा छोटा काटा आहेच. ४५ ग्रॅमच्या जागी ३० ग्रॅम भरला तर ठोक विक्रेत्याला माल परत करावा. चार दुकानदारांनी परत केला की पाचव्या खेपेला तो विचार करून पाठवील.

कायद्याचीही बाजू आहे. अशा लिथियम सेलला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे, मानक आयएस १६०४६. सेलवर वा खोक्यावर ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो आणि तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईल अ‍ॅपवर पडताळता येतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात सदोष वस्तूने इजा झाली आणि बनवणारा कोण हेच कळत नसेल, तर विकणाऱ्यावर जबाबदारी येऊ शकते. बिननावाचा माल विकणाऱ्या आमच्या भावांनी हे नीट ध्यानात घ्यावे. चार्जिंगला लावलेला सेल पेटला आणि खोक्यावर पत्ताच नाही, तर गिऱ्हाईक पत्ता तुमचाच सांगणार.

आणि कारीगरांसाठी यात कामही आहे. गल्लोगल्ली मोबाईल दुरुस्त करणारी आपली मुले आहेत. त्यांच्या हातात कसब आहे, अवजार आहे. सायकलच्या दिव्याला मात्र कोणी हात लावत नाही, तो फेकून नवा घेतात. स्क्रूने उघडणारा दिवा असेल तर नवा खात्रीचा सेल, साफ केलेले तोंड आणि नवे रबर एवढ्यावर तो पुन्हा दोन वर्षे चालतो. सेलला थेट डाग देऊ नये, उष्णतेने तो आतून बिघडतो. पट्टी जोडलेले सेल मिळतात ते घ्यावेत किंवा स्पॉट वेल्डिंग करावे. दुकानदारांनीही डिंकाने बंद केलेल्या दिव्यांऐवजी उघडणारे दिवे मागवावेत, म्हणजे मुलांना काम राहील.

काढलेले जुने सेल भंगाराच्या पोत्यात टाकू नयेत. दोन टोके एकमेकांना लागून पोते पेटते. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून ते कोरड्या डब्यात वेगळे ठेवावेत आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यावेत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि ज्याच्याकडून ठोक माल घेता त्याला हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.