गोल वाचवणाऱ्याची किंमत कोण ठरवतो?

गोल करणाऱ्याची पोस्टर्स लागतात. बचावफळीपुढे उभं राहून चेंडू हिसकावणाऱ्याची लागत नाहीत. किन्शासात जन्मलेला, फ्रान्सकडून खेळलेला क्लॉद मॅकेलेले रियल माद्रिदमध्ये तीन वर्षं हेच काम करत होता. झिदान, फिगोपेक्षा पगार बराच कमी. वाढ मागितली, ती नाकारली गेली. कोट्यधीशाचं कसलं शोषण, असं कुणी विचारेल. पण कुणाचे श्रम मोजायचे हे मालकच ठरवतो, ते इथे उघडं पडतं. 2003 मध्ये बेकहॅम आला, मॅकेलेले चेल्सीला गेला. त्याची उणीव भासणार नाही, असं अध्यक्ष पेरेझ म्हणाले. (मागणी करणारा लगेच कुचकामी ठरतो!) माद्रिदला पुढची स्पॅनिश लीग थेट 2007 मध्ये मिळाली. चेल्सीने 2004-05 मध्ये 38 सामन्यांत फक्त 15 गोल खाल्ले आणि 50 वर्षांनी लीग जिंकली. इंग्लंडमध्ये त्या जागेलाच ‘मॅकेलेले रोल’ म्हणू लागले.