जखमेचा पैसा आणि तलाकशुदा औरत

“ही रक्कम माझ्या तुटलेल्या पायाची आहे, तिच्यात बायकोचा काय हिस्सा?” तलाकनंतर नवरा जमातीपुढे असा सवाल टाकतो आणि बुजुर्ग माना डोलावतात. आमचे म्हणणे एवढेच, की मान डोलावण्याआधी अपघात न्यायाधिकरणाचा निकाल कुणीतरी वाचावा.

त्या कागदावर भरपाईच्या फोडी असतात. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या मांडून दिल्या: औषधपाणी, बुडालेली कमाई, पुढचा इलाज, वेदना, हरपलेली सुखे. वेदना त्याची, तिचा पैसा त्यालाच लखलाभ. पण बुडालेली कमाई? पाय शाबूत असता तर त्याच कमाईतून चूल पेटली असती. दरमहा येणारा पैसा एकरकमी आला म्हणून तो एकट्याचा कसा होतो? आणि परिचारकाचा खर्च म्हणून पैसा मिळाला असेल, तर रात्री-अपरात्री त्याची कूस बदलणारी, भांडे उचलणारी कोण होती? बाई ठेवली असती तर पगार मोजावाच लागला असता ना!

“शरीयतमध्ये निम्मा वाटा नाही,” हे कबूल. निम्मा मागतो कोण? मियाँचे मियाँकडे, बीवीचे बीवीकडे, हा उसूल आम्हालाही मान्य आहे. पण १९८६ च्या कायद्याने इद्दतीच्या मुदतीत ‘वाजवी व न्याय्य तरतूद’ करायला सांगितले आहे, आणि ती ठरवताना नवऱ्याची ऐपत बघायची आहे. २००१ मध्ये दानियाल लतीफी खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले, की ही तरतूद तिच्या पुढच्या आयुष्याची आहे, इद्दतीच्या तीन महिन्यांपुरती नाही. मग बँकेत ठेवलेली भरपाई ऐपतीत धरायची नाही, हे कोणत्या किताबात लिहिले आहे?

आता दुसरी बाजू. जखमी बायको झाली, तिला भरपाई मिळाली, तर ती जमा कुठे होते? बहुतेकदा मियाँच्या खात्यात. त्यातून घरावर स्लॅब पडतो, रिक्षा येते. तलाकच्या वेळी ‘तुटलेल्या पायाचे पैसे’ हे शब्द कुणाच्या तोंडी येत नाहीत. मियाँचे मियाँकडे म्हणणाऱ्यांनी इथेही तोच हिशोब लावावा. मेहरबरोबर तिची ती रक्कमही तिच्या हातात पडावी, स्लॅब विकावा लागला तरी.