हिमालयाची वाट आणि नवी मुंबईतील जाहिराती

मा. संचालक,
पर्यटन संचालनालय, महाराष्ट्र शासन, मुंबई, यांस



दिवाळी सरली की नवी मुंबईच्या रेल्वेस्थानकांभोवती हिमालयातील हिवाळी पदभ्रमणाच्या जाहिराती झळकू लागतात, आणि पावसाळाभर कलावंतीण, पेब, इर्शाळगड पालथे घातलेली आमची तरुण मंडळी मोठ्या उमेदीने बर्फाची वाट धरतात. त्या उमेदीला बोल लावण्याचा माझा हेतू नाही. परंतु अशा एका संयोजकाने वाटलेली सामानाची यादी मी वाचली, तीत लोकरीच्या मोज्यांपासून सुक्यामेव्यापर्यंत सारे होते. हिमप्रपाताचा मात्र अवाक्षरानेही उल्लेख नव्हता.

सह्याद्रीने आम्हांला जे शिकविले ते बर्फात उपयोगी पडतेच असे नाही, किंबहुना पुष्कळदा ते उलटते. पाऊस उघडला, आकाश निवळले की धोका ओसरला, हा आमचा पिढीजात ठोकताळा. हिमालयात मात्र जोराच्या हिमवृष्टीनंतर उजाडणारी पहिली लख्ख सकाळच अनेकदा सर्वांत घातक ठरते, कारण नव्या बर्फाचा भार खालच्या थरांनी अद्याप पेललेला नसतो आणि वाऱ्याने उडविलेला बर्फ डोंगराच्या आडोशाच्या अंगाला साचून राहिलेला असतो. नाळेने चढावे हीही आमची जुनी सवय. पण हिमप्रपात उतरतो तो त्याच नाळेने, आणि तीत सापडलेल्या माणसावर बर्फाचा ढीग अधिक खोल साचतो. तेथे त्यातल्या त्यात भरवसा धरावा तो सोंडेचा.

हिमप्रपात म्हणजे वरून कोसळणारी अवचित दैवगती, असा जो सार्वत्रिक समज आहे तोही निराधार आहे. साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर, साखरेच्या सुट्या दाण्यांसारख्या दुबळ्या थरावर घट्ट बर्फाचा एक सलग थर बसलेला असतो. एका माणसाच्या पावलाने खालचा थर खचतो, तडा क्षणार्धात धावतो आणि अवघा उतार सुटतो. माणूस बळी पडतो अशा दहांपैकी सुमारे नऊ प्रसंगी उतार सुटतो तो त्या व्यक्तीच्या अथवा तिच्या सोबत्याच्याच पावलाने. म्हणूनच जाणकार वाटाड्या बर्फात खड्डा खणतो, एक चौकोनी खांब मोकळा करतो, त्यावर फावडे ठेवून प्रथम मनगटापासून, मग कोपरापासून, शेवटी खांद्यापासून दहा-दहा थापा देतो आणि कितव्या थापेला खांब घसरतो ते पाहतो. अर्थात एका खड्ड्याचा दाखला साऱ्या उताराला लागू पडत नाही, हेही त्याला ठाऊक असते. संशयित उतार तो एकेकालाच ओलांडू देतो, आणि उरलेल्यांना सुरक्षित जागी उभे करून जाणाऱ्यावर नजर ठेवावयास सांगतो.

चंडीगढच्या संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेकडून हिमालयातील जिल्ह्यांसाठी हिमप्रपाताचा इशारा प्रसृत होतो. अशा इशाऱ्यांच्या पाच पायऱ्यांपैकी चौथी-पाचवी ऐकून माणसे घरी बसतात. युरोपातील अनुभव असा की सर्वाधिक मृत्यू तिसरीवर होतात, कारण तीच निभावेल असे वाटते. ज्ञानाने धोका नाहीसा होतो, असे मी म्हणत नाही. 4 ऑक्टोबर 2022 रोजी द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीतील 29 जण हिमप्रपातात गेले, आणि त्यांत त्याच वर्षी एव्हरेस्ट सर केलेल्या प्रशिक्षक सविता कंसवालही होत्या. जेथे शिक्षितांची ही गत, तेथे चार दिवसांच्या सहलीसाठी आलेल्या अजाण मुलांना केवळ उत्साहाच्या भांडवलावर सोडणे कोणत्या हिशेबात बसते?

मदत येईल, या भरवशाविषयीही थोडे लिहितो. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मुंबई जवळ असूनही गाडीरस्त्याअभावी बचावकर्त्यांना अंधारात, पावसात, पायी चढावे लागले, आणि नवी मुंबईच्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचे त्या चढणीवरच निधन झाले. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला इतकाही अवकाश नसतो: पहिल्या सुमारे पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी बहुसंख्य वाचतात, त्यानंतर ती आशा झपाट्याने मावळते. म्हणजे वाचविणारे सोबतीच. आणि त्यांच्याजवळ, तसेच गाडला गेलेल्याच्या अंगावर, ठावठिकाणा कळविणारे संदेशक यंत्र नसेल, सोबत्यांपाशी शोधकाठी व फावडे नसेल, तर हातांनी उकरणे एवढेच उरते.

आपल्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणान्वये राज्यातील उपक्रमांना नोंदणीचे बंधन आहे. राज्यात पैसे घेऊन राज्याबाहेर माणसे नेणाऱ्यांसही आपल्या दप्तरात आणण्याची तजवीज व्हावी, ही माझी विनंती. हिमरेषेवर नेणाऱ्याने प्रत्येक सहभागीस संदेशक यंत्र, शोधकाठी व फावडे ही तीन साधने द्यावीत, निघण्यापूर्वी एक दिवस त्यांचा सराव घ्यावा, रोजचा इशारा लेखी देऊन वाचून दाखवावा, आणि धोक्यामुळे परत फिरल्यास पैसे बुडणार नाहीत अशी अट पावतीवरच छापावी. ही शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पैसे वाया जाण्याच्या धास्तीनेच अनेकदा माणसे पुढे रेटली जातात. नुसता बंदीचा हुकूम काढून हे साधणार नाही. खारघरच्या पांडवकड्यावर मनाईचे फलक वर्षानुवर्षे उभे आहेत, आणि पावसाळ्यात त्यांच्याच शेजारून लोक धबधब्याकडे जातात.

येत्या हंगामाच्या नोंदण्या सुरू होण्यापूर्वी याविषयी परिपत्रक निघावे.

आपला नम्र,
नेरुळ येथील एक रहिवासी