चुकलेला जोर

परवां आमच्या नातवानें अंगणांत जोर काढले आणि धापा टाकीत म्हणाला, "आजोबा, ५० झाले!" मीं मोजले ते ३१. बाकीच्यांत ना छाती पुरती खालीं गेली, ना हात ताठ झाले. पोर हिरमुसलें.

त्याला सांगितलें, "ऑलिंपिकांत छातीवरचें वजन केवळ बाहुबलानें डोक्यावर नेण्याचा 'प्रेस' नामक प्रकार १९७२ नंतर बंद झाला. पाठ मागें कलवून वजन ढकलणारा कोण आणि शुद्ध रीतीनें उचलणारा कोण, हें तीन पंचांनाही ठरवितां येईना. आपल्या अंगणांत तर कर्ता आणि पंच एकच!"

दुसरे दिवशीं तो आपण होऊन म्हणाला, "आज २८च." वाचकहो, मला ते कालच्या ५०हून अधिक वाटले.