गावातली ठेव, गावातले कर्ज

इजिप्तचे नाव आपल्या कांदा उत्पादकांच्या तोंडी बसले ते २०१९ मध्ये, तिथला कांदा आपल्या बाजारात उतरला तेव्हा. तिथल्या शेतकऱ्याच्या दाराशी असलेली बँक मात्र आपल्याला ठाऊक नाही. इजिप्तच्या कृषी बँकेच्या अकराशेहून अधिक शाखा आहेत, नाईलच्या मुखापासून थेट अस्वानपर्यंत. एप्रिलच्या मध्यावर गव्हाची सुगी सुरू झाली की बँकेच्या ‘शूना’मध्ये, म्हणजे धान्य साठवण्याच्या आवारात, पोती उतरू लागतात. प्रत ठरते, काट्यावर वजन होते, सरकारी भाव मिळतो. गावाशी इतका जवळचा संबंध फार थोड्या बँकांना लाभतो.

म्हणूनच या शाखा ठेवी गोळा करण्यापुरत्या उरू नयेत, असे आम्हाला कळकळीने वाटते. जानेवारी २०२३ मध्ये इजिप्तचा पौंड घसरत असताना दोन मोठ्या सरकारी बँकांनी एक वर्षाच्या ठेव प्रमाणपत्रांवर २५ टक्के व्याज देऊ केले आणि शाखांपुढे रांगा लागल्या. पैसा येतो, याबद्दल शंका नाही. तो जातो कुठे, हा खरा प्रश्न आहे. तिथल्या बँकांचा फार मोठा पैसा सरकारच्या ट्रेझरी बिलांत आणि रोख्यांत गुंततो. शिलाई यंत्र किंवा म्हैस घ्यायची असलेली बाई मग ‘गमईया’कडे वळते. गमईया म्हणजे आपली भिशीच. दरमहा प्रत्येकीने ठरलेली रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने एकीने उचलायची.

याला उत्तर इजिप्तनेच शोधले होते. जर्मनीतल्या स्थानिक बचत बँका पाहून आलेल्या अहमद अल्‌-नज्जार यांनी १९६३ मध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या मीत गम्र या गावी बचत बँक काढली. कर्मचारी गावोगाव जात, लोकांत बसत, अगदी किरकोळ रक्कमही जमा करून घेत. व्याज घ्यायचे नाही आणि द्यायचेही नाही. बचतीची सवय लागलेल्याला बिनव्याजी कर्ज मिळे. बँकेवर कधी विश्वास न टाकलेला शेतकरी खातेदार झाला, कारण आपला पैसा शेजाऱ्याच्या धंद्यात फिरताना तो रोज पाहत होता. चार वर्षांत अशा नऊ बँका उभ्या राहिल्या आणि १९६७ मध्ये सरकारने हा स्वायत्त प्रयोग गुंडाळला. ती मोठी चूक होती.

पुढे २०१२ मध्ये दहा हजार पौंडांपर्यंतची शेतकरी कर्जे माफ करण्याची घोषणा झाली. माफीने सातबारा कोरा होतो, पुढच्या हंगामाचे बियाणे येत नाही, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

छोटे कर्ज मंजूर करण्याचा अधिकार कैरोतून गावच्या शाखाधिकाऱ्याकडे यायला हवा. आणि प्रत्येक शाखेने दारावर दोन आकडे लावावेत: या गावातून ठेव किती आली आणि या गावात कर्ज किती दिले.