चष्मा की लेन्स? माझा निकाल गेरमध्येच लागला

परवा लोकमान्य नगरातल्या एका मुंजीत मदतीला आलेल्या पोराने विचारलं, "काका, इतका जाड चष्मा सांभाळत फोटो काढता, लेन्स का नाही लावत?" तेव्हा भिक्षावळ सुरू होती, बोलायला फुरसत कुठली. म्हणून इथे लिहितो. आपल्या इंदूरच्या मंडळींत कॅमेरा गळ्यात घालणारे बरेच आहेत, त्यांनाही सांगून होईल.

माझा नंबर दोन्हीकडे उणे साडेपाच, उजव्याला थोडा सिलिंड्रिकलही. कॅमेऱ्यात डोळा लावतो तिथे नंबर जुळवायचं एक इवलंसं चाक असतं ना, ते बहुतेक कॅमेऱ्यांत उणे तीनच्या आसपास संपतं, आणि सिलिंड्रिकलला त्याचा काडीचा उपयोग नाही. म्हणजे डोळ्यावर काहीतरी हवंच.

चष्म्याचा त्रास आहे, नाही कसं म्हणू? काच मध्ये आल्यामुळे डोळा मागे राहतो आणि फ्रेमचे कोपरे दिसत नाहीत. एका लग्नात अंतरपाट धरलेल्या मामांचा हातच मी मनगटापासून कापला होता. अल्बम बघताना मामा काही बोलले नाहीत, मामी बोलल्या. निकॉनने 1982 मध्ये एफ3 एचपी काढला तो याच दुखण्यावर, डोळा 25 मिलीमीटर लांब असला तरी पूर्ण फ्रेम दिसायची. आपल्या खिशाला तो कधी परवडला नाही, ते सोडा.

तर तिशीत मी लेन्स लावल्या. पहिला महिना काय सांगू! चारही कोपरे लख्ख. पण होमाच्या धुरात डोळे चुरचुरायला लागले. शिवाय एकटक बघताना आपण पापणी लववायला विसरतो, लेन्स कोरडी पडते. तरी हट्टाने लावतच होतो.

मग रंगपंचमी आली. राजवाड्यासमोर गेर, वरच्या मजल्यांपर्यंत उडणारा गुलाल, टँकरचं रंगीत पाणी. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधली होती, डोळ्यांना काय बांधणार? उजव्या डोळ्यात गुलाल गेला. मी शहाण्याने आधी डोळा चोळला, मग एका दुकानाबाहेरच्या नळावर लेन्ससकट धुतला. संध्याकाळपर्यंत डोळा उघडेना. डॉक्टर म्हणाले, बुबुळावर ओरखडा आहे. गुलालापेक्षा ते नळाच्या पाण्यावर जास्त चिडले. त्या पाण्यातले जंतू लेन्सखाली राहिले तर नजर जाऊ शकते, हे मला तेव्हा कळलं. लेन्सच्या डबीवर लिहिलेलं असतं म्हणे. वाचतो कोण?

आणि उजवा म्हणजे माझा कॅमेऱ्याचा डोळा. नऊ दिवस थेंब. रोज सकाळी डावा डोळा झाकून भिंतीवरच्या कालनिर्णयातली तारीख दिसते का बघायचो. आई मागून विचारायची, "आज किती तारीख रे?" ती मुद्दाम विचारायची हे दोघांनाही माहीत होतं. एक लग्न आणि एक साखरपुडा मित्राला देऊन टाकावा लागला. नजर वाचली. लेन्स मात्र रोजच्या वापरातून गेल्या त्या गेल्याच.

आता अठ्ठेचाळिशीत तर प्रश्नच मिटला. लेन्स लावली की लांबचं दिसतं, पण कॅमेऱ्याच्या मागचा पडदा धूसर, म्हणजे वाचायचा चष्मा वेगळा घ्यायचा! उलट साधा चष्मा कपाळावर सरकवला आणि पडदा वीतभर अंतरावर धरला की नवरीच्या नथीतला मोतीसुद्धा स्पष्ट. आमचा उणे नंबर इथे कामाला येतो. पोरं हसतात, हसू देत. कोपऱ्यांसाठी मी थोडी जागा सोडूनच फोटो घेतो, नंतर कापता येतो. कापलेला हात मात्र परत जोडता येत नाही, मामींना विचारा.

लेन्स अगदी टाकून दिलेल्या नाहीत. लांबच्या नातेवाइकांच्या लग्नात, जिथे मीच फोटोत असतो, तिथे हौसेने लावतो. कामावर मात्र चष्माच, आणि बॅगेत दुसरा जोड.

रंगपंचमी जवळ आलीच आहे. गेरचे फोटो काढायला निघालात तर लेन्स घरी ठेवा आणि ओरखडे पडले तरी चालेल असा जुना चष्मा घाला. मी राजवाड्याच्या अलीकडे उभा असेन. चष्म्याला दोरी बांधलेला गुलाबी माणूस दिसला की हाक मारा, पोहे माझ्याकडून.